रोगाची साथ नसतानाही एकदा शेडमध्ये या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नंदुरबार, धुळे आणि जळगाव
तथा अध्यक्ष, जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी

विषय : उन्हाळ्याच्या तोंडावर लेयर पोल्ट्री फार्मची आतून तपासणी होण्याबाबत

महोदय,

मी साक्रीचा. मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीच्या मोटारी, बोअरचे पंप हे वर्षभराचं काम, आणि फेब्रुवारी उजाडला की पोल्ट्र्यांचे फॉगर (पाण्याचा बारीक फवारा मारणारे), पंखे, प्रेशर पंप. दहिवेलपासून कोंडाईबारी घाट उतरून विसरवाडी, चिंचपाडा, नवापूरपर्यंत गिऱ्हाइकं आहेत. मी पोल्ट्रीचा मालक नाही, जनावरांचा डॉक्टर नाही, कुठल्या प्राणीमित्र संघटनेचा सभासदही नाही. अंडी खातो, रविवारी घरात कोंबडीही शिजते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पत्राचा विषय कळला की लोक पहिला प्रश्न तोच विचारतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे सरकार पोल्ट्रीच्या शेडमध्ये शिरतं ते कोंबड्या मारायला. त्या जिवंत असताना आत कोणी फिरकत नाही. या वर्षी उन्हाळा तापायच्या आत, साथबीथ काही नसताना, तुमची माणसं एकदा आत यावीत.

हे टोमणा मारल्यासारखं वाटेल, पण कुठल्याही नवापूरकराला विचारा. १८ फेब्रुवारी २००६ रोजी भोपाळच्या प्रयोगशाळेच्या अहवालावरून देशातला पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला तो नवापुरात. तोवर बाहेरच्यांना नवापूर माहीत होतं ते अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत असलेल्या रेल्वे स्टेशनामुळे. मग पांढरे सूट, मास्क, चष्मे घातलेली पथकं उतरली, खड्डे खणले गेले, लाखांनी कोंबड्या मारून पुरल्या. पलीकडच्या उच्छल तालुक्यातही तेच. मार्च महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत, परसातल्या कोंबड्यांत रोग निघाला आणि तिथली खुराडी रिकामी झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापुरावर पुन्हा तीच पाळी. यात माझी तक्रार नाही. तो रोग माणसालाही होतो, पसरू देऊन चालत नाही, आणि त्या पथकांतल्या माणसांनी जिवावर उदार होऊन काम केलं. पण महसूल, पोलीस, आरोग्य, पशुसंवर्धन अशी चार खाती एका रात्रीत शेडच्या दारात उभी राहू शकतात, हे आम्ही दोनदा डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे माणसं आहेत, गाड्या आहेत, फार्मच्या याद्या आहेत, रस्तेही माहीत आहेत. मग मे महिन्याच्या दुपारी दोन वाजता तिथं एकही सरकारी माणूस का नसतो?

ज्यांनी लेयर फार्म आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लेयर म्हणजे अंड्यांची कोंबडी. शेड खांबांवर उचललेली असते, खाली विष्ठेचे ढीग साठत जातात, वर अरुंद फळीवरून माणूस चालतो. दोन्ही हातांना तारेचे पिंजरे, पायऱ्यापायऱ्यांनी एकावर एक तीन रांगा. पिंजऱ्याचा तळसुद्धा तारेचाच, आणि पुढच्या अंगाला उतरता, म्हणजे अंडं घातल्याबरोबर घरंगळत बाहेरच्या पन्हळीत येतं. समोर खाद्याची पन्हळ, वर पाण्याचा पाइप आणि त्याला निपल, म्हणजे चोचीनं दाबलं की पाणी सोडणारी तोटी. अठरा-वीस आठवड्यांची तलंग, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातली कोंबडी, इथं आणून कोंडतात. ती बाहेर पडते तेव्हा ७२ ते ८० आठवड्यांची झालेली असते. मधल्या काळात तिचा पाय जमिनीला लागत नाही.

आपली गावठी कोंबडी दिवसभर उकिरडा उकरते. दुपारी राखेत नाहीतर भुसभुशीत मातीत लोळते आणि पंख झाडते. अंडं घालायची वेळ झाली की आडोसा शोधत घरभर हिंडते, दिवे लागले की उंचावर जाऊन बसते. पिंजऱ्यातली पांढरी कोंबडी वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते, आणि तिची मूळ रानकोंबडी देते दहा-पंधरा. इतकी पैदास माणसानं बदलली, पण आडोसा शोधायची खोड काही गेली नाही. फॉगरचं नोझल बदलायला मी शिडीवर चढलेला असतो तेव्हा खालचा पिंजरा अगदी नजरेसमोर येतो. अंड्याला आलेली कोंबडी एक पाऊल पुढं, एक मागं करत राहते. कोपऱ्यात मुंडी खुपसते, शेजारणीच्या पोटाखाली शिरायला बघते, तारेवर पायानं उकरते. तिथं उकरायला काही नसतं. शेवटी उभ्या उभ्याच अंडं घालते आणि ते घरंगळून जातं. बघताना आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं.

चोचीचा शेंडा लहानपणीच तापत्या पात्यानं कापलेला असतो, कारण एवढ्या दाटीत त्या एकमेकींना टोचून रक्तबंबाळ करतात. नर पिल्लं तर हॅचरीतूनच पुढं येत नाहीत. अंडी देत नाहीत आणि मांसालाही परवडत नाहीत म्हणून पहिल्याच दिवशी मारतात. हॅचरीत माझं काम नसतं, त्यामुळे त्याबद्दल जास्त लिहीत नाही. ऊन मात्र माझ्या कामाचा विषय आहे.

कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असतं. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५च्या पुढं जातो, हे तुम्हाला सांगायला नको. बाहेरची हवाच अंगापेक्षा गरम झाली तर अंगातली उष्णता जाणार कुठं? कोंबडीला घाम येत नाही. तिच्याकडे एकच उपाय असतो, तोंड उघडं टाकून धापा टाकणं, म्हणजे श्वासावाटे पाण्याची वाफ बाहेर टाकणं. तिशीच्या पुढं पारा गेला की ती धापायला लागते. धापून धापून रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, रक्ताचा समतोल बिघडतो आणि अंड्याचं कवच पातळ पडतं. उन्हाळ्यात फुटका माल वाढतो हे सुरतेच्या व्यापाऱ्यालाही ठाऊक आहे, तो भाव पाडून मोकळा होतो. मोकळी कोंबडी अशा वेळी झाडाखाली जाते, ओली माती उकरून तीत पोट टेकते, पंख अंगापासून लांब धरते. पिंजऱ्यात पंख उघडायला जागाच नसते. उलट दोन्ही बाजूंना ४१ अंशांची एकेक शेजारीण चिकटून बसलेली.

एकदा मे महिन्यात भर दुपारी एका फार्मवरून फोन आला. नाव सांगत नाही, मालक वाईट माणूस नाही. सकाळपासून लाईट नव्हती आणि जनरेटर दोन धक्के देऊन बंद पडत होता. मी पोहोचलो तेव्हा शेडमध्ये आवाजच नव्हता. ज्यांनी लेयर शेड पाहिली आहे त्यांना कळेल, तिथं एरवी आपलं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. हजारो कोंबड्या चोची उघड्या टाकून, माना पुढं काढून बसल्या होत्या आणि सगळ्यांचे गळे एका लयीत थरथरत होते. पत्र्याजवळची वरची रांग सगळ्यात आधी गेली. मी एकदा थर्मामीटर लावून पाहिलंय, खालच्या आणि वरच्या रांगेत चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो. एका पिंजऱ्यात एक मरून आडवी झालेली आणि बाकीच्या तिच्यावरच पाय देऊन उभ्या, कारण दुसरीकडे उभं राहायला जागा नव्हती. निपल दाबून पाहिलं तर पाणी चहाला ठेवल्याइतकं गरम. टाकी गच्चीवर उन्हात, काळा पाइप पत्र्यावरून आणलेला. मालक डोक्याला हात लावून म्हणाला, "आते काय करू भाऊ, लाईटज नही शे." जनरेटरच्या डिझेल लाइनीत हवा धरली होती. ती काढायला मला फार वेळ लागला नाही. तेवढ्यात काय व्हायचं ते होऊन गेलं होतं. संध्याकाळी शेडमध्ये काम करणाऱ्या बायामाणसांनी मेलेल्या कोंबड्या गोण्यांत भरल्या. ती माणसंही दिवसभर त्याच पत्र्याखाली होती, हेही लिहून ठेवतो, कारण त्यांची नोंद तर कुठंच होत नाही.

अशी मरतूक झाली तर ती मालकाच्या वहीत जाते आणि तिथंच राहते. साथीनं कोंबडी मेली तर खबर द्यावी लागते. उन्हानं मेली तर तो मालकाचा खासगी तोटा, एवढाच तिचा हिशेब.

आणि हे टाळता येतं, म्हणूनच मला राग येतो. आपलं ऊन कोकणासारखं दमट नाही. कोरड्या हवेत पाण्याचा बारीक फवारा मारला की शेडची हवा झपाट्यानं उतरते, फक्त ती हवा पंख्यानं हलती ठेवावी लागते. कोंडलेल्या शेडमध्ये नुसते फॉगर चालवले तर वाफाळ्यासारखं होतं आणि जास्त मरतात. जूनच्या सुरुवातीला, पाऊस तोंडावर असताना तर हमखास. आमच्याकडचं पाणी क्षाराचं. फिल्टर नसेल तर नोझल पंधरवड्यात चोंदतात, मग फवाऱ्याऐवजी थेंब पडतात आणि खाद्य भिजतं. पत्र्याला वरून चुना, नाहीतर पाचट-गवताचा थर; टाकीला सावली आणि भोवती ओलं गोणपाट; दुपारी पाइपातलं तापलेलं पाणी सोडून देऊन ताजं भरणं; खाद्य पहाटे आणि संध्याकाळी, भर दुपारी नाही. जनरेटर आठवड्यातून एकदा दहा मिनिटं लोडवर चालवून बघणं. यात अवघड असं काहीच नाही, पण कोणी विचारणारा नसला की सगळ्यात आधी हीच कामं राहतात. मला दरवर्षी सगळ्यात जास्त फोन एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात येतात, पंप जळाल्यावर. जानेवारीत बोलावणारे मालक बोटांवर मोजण्याइतके.

दुसरा मुद्दा जागेचा. माझ्या खिशात कायम टेप असते, म्हणून सवयीनं मापं घेतली. आमच्या भागात अठरा बाय पंधरा इंचांचा पिंजरा बऱ्याच ठिकाणी दिसतो, त्यात चार कोंबड्या. म्हणजे २७० चौरस इंच, सेंटिमीटरमध्ये साधारण १७४०. चौघींत वाटले तर एकीला ४३५ चौरस सेंटिमीटर. झेरॉक्सचा ए-फोर कागद ६२४ भरतो. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखाली स्वतंत्र नियम काढले, त्यांत एका कोंबडीला किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा सांगितली आहे. तेही कागदापेक्षा कमीच, पण निदान एक आकडा तरी झाला. जुन्या फार्मना बदल करायला काही वर्षांची मुदत आहे, ते मला मान्य आहे. पण मुदत आहे म्हणून मोजमापही करायचं नाही, असं कुठं लिहिलंय? आज किती शेडमध्ये किती जागा आहे याची यादीच तयार नसेल, तर मुदत संपल्यावर पुन्हा मुदत मागितली जाईल आणि ती मिळेलही. आपल्याकडे हे नवीन नाही.

युरोपियन युनियननं साधे बॅटरी पिंजरे, म्हणजे असेच रांगेनं लावलेले तारेचे पिंजरे, २०१२ पासून बंद केले. आपल्या विधी आयोगानं जुलै २०१७ मध्ये २६९ क्रमांकाचा अहवाल दिला, तो सगळाच्या सगळा अंड्यांच्या आणि मांसाच्या कोंबड्यांच्या निवाऱ्याबद्दल आणि वाहतुकीबद्दल आहे. सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवरच्या ७ मे २०१४च्या, बैलांच्या निकालात जनावरांची पाच स्वातंत्र्यं सांगितली: भूक-तहान, गैरसोय, दुखणं-इजा आणि भीती यांपासून सुटका, आणि स्वतःच्या जातीप्रमाणे वागायची मोकळीक. बैलांचा निकाल गावोगाव चर्चेत आला. आमच्याकडच्या कोंबडीपर्यंत तो कोणी आणलेला दिसत नाही.

खरं तर २०२३ पर्यंत थांबायचीही गरज नव्हती. १९६०च्या मूळ कायद्याचं कलम ११ म्हणतं की जनावराला नीट हालचाल करता येणार नाही इतक्या अपुऱ्या लांबी-रुंदी-उंचीच्या पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. साक्रीतल्या एका वकील मित्रानं मला ती ओळ दाखवली आणि लगेच खालची शिक्षाही दाखवली. पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड. तीस अंड्यांचा ट्रे यापेक्षा महाग पडतो. म्हणून मी गुन्हे दाखल करा असं म्हणतच नाही. त्या दंडानं कोणाचं काही बिघडणार नाही आणि तुमच्या माणसांची वणवण होईल ती वेगळीच. मी म्हणतो, बघायला या, मोजा, लिहा आणि ते लिहिलेलं लोकांसमोर ठेवा.

वाहतुकीबद्दल तर नियम वाचून मला हसू आलं. जनावरांच्या वाहतुकीच्या १९७८च्या नियमांत २००१ साली कोंबड्यांचं प्रकरण घातलं आहे. त्यात कोंबड्यांना ऊन, पाऊस आणि वाऱ्याचा थेट झोत लागू देऊ नये असं म्हटलं आहे, आणि तापमान २५ अंशांच्या वर किंवा १५च्या खाली असेल तर त्यांची वाहतूक करू नये असंही. खानदेशात मे महिन्यात रात्रीसुद्धा पारा २५च्या खाली यायला नखरे करतो. म्हणजे नियम अक्षरशः पाळायचा तर तीन महिने एकही गाडी हलणार नाही. पाळताच येत नाही म्हटल्यावर कोणी वाचतही नाही, आणि मग बाराच्या उन्हात क्रेटवर क्रेट रचलेली, वर ताडपत्रीचा तुकडाही नसलेली गाडी सुरत हायवेवरच्या ढाब्यापुढं उभी राहते आणि ड्रायव्हर आत जेवायला बसलेला असतो. अंड्यावरून उतरलेल्या, म्हणजे अंडी कमी झाली म्हणून विकायला काढलेल्या कोंबडीची हाडं आधीच ठिसूळ झालेली असतात, कारण वर्षभर कवचासाठी लागणारा चुना तिच्या हाडांतूनही ओढला जातो. पिंजऱ्यातून तंगडीला धरून ओढताना पाय मोडल्याचा कट्ट आवाज मी ऐकलाय. पाच-सहा कोंबड्यांचा झुबका एका हातात उलटा धरून क्रेटमध्ये कोंबतात. मोटारसायकलच्या हँडलला उलट्या लटकवून बाजाराला नेलेल्या तर तुम्हीही पाहिल्या असतील.

बैलासाठी आपल्याकडे १९६५ पासून नियम आहे की पारा ३७च्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन त्याला कामाला जुंपायचं नाही. कोंबडीसाठी तसा पाळता येईल असा एक साधा हुकूम तुम्ही काढू शकता का, हे बघावं. एप्रिल ते जून, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, जिवंत कोंबड्यांची गाडी रस्त्यावर नको. व्यापारी रात्री गाड्या भरतील. आत्ताही शहाणे व्यापारी तेच करतात, वाटेत मेलेल्या कोंबडीचे पैसे कोणी देत नाही.

आता मालकांची बाजूही सांगतो, नाहीतर ते मला पुढच्या हंगामात दारात उभं करणार नाहीत. या धंद्यात खर्चाचा दोन तृतीयांश हिस्सा एकट्या खाद्याचा, मका आणि सोयाबीनच्या पेंडीचा. अंड्याचा भाव रोज सकाळी मोबाइलवर कळतो आणि तो ठरवणं फार्मवाल्याच्या हातात नसतं. डोक्यावर बँकेचं कर्ज. २००६ला हात पोळलेले कितीतरी जण आहेत, २०२१ला पुन्हा पोळले. त्यांना सांगितलं की चारातली एक कोंबडी काढ, की ते म्हणतात धंदा बंद कर असंच सांग ना.

पण चारातली एक काढली की त्याच पिंजऱ्यात एकीला ५८० चौरस सेंटिमीटर मिळतात, म्हणजे जागेचा आकडा बसतो. माझा दुकानातला हिशेब असा. कोंबडी कमी झाली की तिचं खाद्यही कमी झालं. पत्रा, पिंजरे, मजुरी, व्याज हा उरलेला एक तृतीयांश खर्च तेवढा तिघींच्या अंड्यांवर पडणार. शंभर रुपयांच्या जागी एकशे अकरा. पाच-साडेपाच रुपयांच्या अंड्यामागं पन्नास-साठ पैसे, तेही वरच्या बाजूला धरून, कारण पिल्लाची किंमतही कोंबडीबरोबरच कमी होते. उन्हाळ्यात दाटी कमी झाल्यानं वाचलेल्या कोंबड्या मी धरलेल्याच नाहीत. माझ्या हिशेबात चूक असेल तर तुमच्या पशुसंवर्धनच्या डॉक्टरांनी खोडून काढावी, मला आनंदच होईल. मात्र "परवडत नाही" एवढंच उत्तर नको, आकडा द्यावा.

साठ पैसे कोणाला जड जातील, हेही मला माहीत आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर अंगणवाडीतल्या पोरांना अमृत आहार योजनेतून आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळं मिळतं. ते अंडं त्यांच्या ताटातून जाऊ नये, उलट रोज मिळावं, असं मला वाटतं. कुपोषणाचा विषय निघाला की नंदुरबारचं नाव येतं आणि तिथं कोंबडीचा कळवळा घेऊन जाणं मलाही लाजिरवाणं वाटेल. म्हणूनच जिथं सरकारचा पैसा अंड्यावर खर्च होतो तिथून सुरुवात करा. अंगणवाडीसाठी अंडी ज्या फार्मवरून येतात ते फार्म आधी बघा. जो मालक जागा देतो, उन्हाळ्याची तयारी दाखवतो, त्याच्याकडून घ्या आणि त्याला साठ पैसे जास्त द्या. पोराच्या ताटातलं अंडं स्वस्त ठेवायचं ओझं पिंजऱ्यातल्या कोंबडीनं का वाहायचं?

तुमच्या सोसायटीच्या बैठकांच्या बातम्या मी पेपरात वाचतो. जनावरांची अवैध वाहतूक, भटकी कुत्री, मांजा, हे विषय असतात आणि असायलाच हवेत. लेयर कोंबडीचं नाव त्यांत माझ्या तरी वाचनात आलेलं नाही. आपल्या तिन्ही जिल्ह्यांत माणसाच्या ताब्यात सगळ्यात जास्त संख्येनं असलेला, चोवीस तास कोंडलेला प्राणी तो हाच असावा. निदान उन्हाळ्याआधीच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर त्याला एक ओळ द्या. उष्माघाताचा आराखडा तुम्ही माणसांसाठी दरवर्षी करताच, त्यात पोल्ट्रीचं एक पान जोडा. कुठल्या फार्मला जनरेटर आहे, कुठला चालू आहे, पाण्याची टाकी सावलीत आहे का, शेडमधली माणसं दुपारी कुठं बसतात, एवढं त्या पानावर आलं तरी पुष्कळ. वीज कंपनीशीही बोला. लाईट घालवायचीच असेल तर मे महिन्यात पोल्ट्रीच्या भागात ती बारा ते चार जाऊ नये, आणि जाणार असेल तर आदल्या दिवशी कळावं. डिझेल भरून ठेवता येतं.

आणि तपासणीला येताना आधी फोन करून येऊ नका. फोन केला की फळी धुतलेली असते, मेलेल्या उचललेल्या असतात आणि दारात नारळपाणी तयार असतं. एक दिवस मार्चमध्ये यावं आणि एक दिवस मेमध्ये, दुपारी दोन ते चार, बाहेरचा पारा चाळिशीच्या वर असताना. बर्ड फ्लूच्या भीतीनं बाहेरच्या माणसाला आत घेत नाहीत, असं मालक सांगतील. ते योग्यही आहे. मग पायाला कव्हर घाला, अंघोळ करून या, एका दिवसात एकच फार्म करा. २००६ला आणि २०२१ला सूट होतेच की. सोबत टेप, थर्मामीटर आणि शिडी घ्या. वरची रांग खालून दिसत नाही, आणि तुम्हाला जे बघायचंय ते तिथंच आहे. टेप आणि शिडी माझ्याकडे आहे. तुमच्या पथकाला वाट दाखवायला माणूस लागला तर दुकान बंद ठेवून मी येईन, त्याचे पैसे नकोत. फक्त तारीख फेब्रुवारी संपायच्या आत कळवा, नंतर मला फॉगरच्या कामातून उसंत मिळत नाही.

आपला,
मोटार रिवाइंडिंग करणारा एक कारागीर
साक्री, जि. धुळे